खिशातला चाकू

पौषातली दुपार होती. जेवण आटोपून आम्ही नेहमीप्रमाणे ओटल्यावर उन्हाला बसलो होतो. पुढ्यातल्या ताटलीत एक जामफळ होते. महाराष्ट्रातले नातलग ज्याला पेरू म्हणतात, तेच हे. इंदुरात पिढ्या काढल्यावर आमच्या घरात दोन्ही शब्द सुखाने नांदतात. खिशातून चाकू काढला, पात्याच्या पाठीपाशी नखाएवढी जी खाच असते तीत उजव्या अंगठ्याचे नख अडकवले आणि ओढले. पाते हलले नाही. पुन्हा ओढले, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की चाकू हातातून सुटून मांडीवर पडला. डावा अंगठा लावून पाहिला. पण बहात्तर वर्षांत त्याला ही विद्या कुणी शिकवलीच नव्हती. शेवटी फळ तसेच ठेवून आम्ही वर्तमानपत्र उघडले. आतून सौ. म्हणाली, "अहो, मी देऊ का चिरून?" आम्ही "नको" म्हणालो, आणि ते जरुरीपेक्षा बऱ्याच मोठ्याने म्हणालो.

त्या मोठ्या आवाजाचे कारण जुने आहे. ते सांगण्याआधी चाकूविषयी थोडे बोलणे भाग आहे.

मराठी घरात चाकूचे स्थान तसे उपऱ्याचेच. स्वयंपाकघर ही विळीची जहागीर. विळी जागच्या जागी बसते आणि भाजी तिच्याकडे जाते. चाकूच्या बाबतीत भाजी बसून राहते आणि पाते तिच्याकडे जाते. ज्या हातांना जन्मभर विळीची सवय, त्यांना चाकू अर्धवट वाटला तर नवल नाही. पानाच्या तबकात अडकित्त्याची सत्ता. मग चाकू कोणाचा? आमच्या समजुतीने तो लिहिणाऱ्याचा. होळकरांच्या दप्तरातले मराठी लेखन मोडीत चाले आणि बोरूने होई. बोरूचे टोक तासायचे, त्याला तिरका छेद द्यायचा, मधोमध बारीक चीर पाडायची, हे सारे काम चाकूचे. कलमतराश हे त्याचे फारशीतून आलेले नाव ज्येष्ठ वाचकांच्या कानावरून गेले असेल. इंग्रजांचा 'पेननाइफ' तरी वेगळा कोण? तिकडे पिसाची लेखणी तासायची, इकडे बोरू. पुढे पोलादी टाक आला, मग फाउंटनपेन आले आणि चाकूची नोकरी गेली. परंतु काही कारकून निवृत्त झाल्यावरही सकाळी साडेदहाला कचेरीकडे पाय वळवतात, तसा चाकू खिशातल्या आपल्या जागी येऊन बसतच राहिला. सुतळी कापणे, पाकिटे फोडणे, फ्यूजची तार सोलणे, पोरांच्या पेन्सिलींना टोक काढणे आणि आंबा चिरणे अशी किरकोळ कामे करून त्याने आपले पोट भरले.

शब्दही दूरचाच, तुर्की-फारशीतून आलेला. आम्ही इंदूरकर त्याला 'चक्कू' म्हणतो आणि पुण्याची मंडळी हसतात. हसोत बापडी.

आमचे आजोबा होळकर दरबारच्या एका कचेरीत कारकून होते. त्यांचा चाकू शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा होता. पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टाचा क्रूस ही त्यांची खूण कोरलेली. एक मोठे, एक लहान अशी दोन पाती, मूठ सांबरशिंगाची. त्या काळी सांबराची शिंगे हिंदुस्थानातून शेफील्डला जात आणि मुठीवर चढून काही पुन्हा हिंदुस्थानातच येत. आमच्या चाकूची मूठ अशी एक समुद्रयात्रा करून आलेली असावी, असे आजोबा गमतीने म्हणत. प्रायश्चित्त घेतल्याची नोंद मात्र नाही. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लवचीक पट्टी असते. आमच्या घरात तिला कमान म्हणत. ही कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते. पाते उघडले तर उघडे ठेवायचे, मिटले तर मिटलेले ठेवायचे, एवढेच तिचे काम. ते कुलूप नव्हे. जास्त जोर दिला तर पाते मिटते आणि बोटावर येते. म्हणून अशा चाकूने टोचायचे नाही, उचकटायचे नाही, फक्त कापायचे, हा पहिला धडा. दुसरा धडा आवाजाचा. पाते मिटताना 'टक' असा एकच आवाज यावा. दोन आले की कमान ढिली झाली, असे आमचे वडील, नाना, सांगत.

नाना दर महिन्याला कुरुंदाच्या निसण्यावर पाण्याचे चार थेंब टाकून चाकू पाजवीत. पाते दगडावर जवळजवळ निजवायचे, पाठ किंचित उचलायची, आणि कागदाचा पापुद्रा सोलावा तसे पुढे न्यायचे. आम्हांला घाई असे. नाना म्हणत, "धार आत असतेच, आपण फक्त वरचे काढायचे." पन्नास वर्षे दगडावर जाऊन जाऊन ते पाते मूळच्या रुंदीच्या निम्म्यावर आले होते. पोलाद साधे, न गंजणारे नव्हे. लिंबू किंवा कैरी कापून पुसायला विसरले की काळा डाग पडे आणि पुढच्या सफरचंदाला लोखंडाची चव येई. नाना विसरत नसत. चाकू वापरला की धोतराच्या सोग्याला पुसायचा, हे इतके अंगवळणी पडलेले की सोग्यावर एक राखाडी पट्टा कायमचा उमटलेला असे आणि त्यावरून आईची बोलणीही कायमची.

१९८६ च्या पावसाळ्यात नानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू बरीच परत आली, हात आला नाही. दुपारच्या जेवणानंतर स्वतः फळ कापून खाण्याचा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी सोडला नाही. डाव्या हाताने चाकू खिशातून काढायचा, टेबलावर ठेवायचा आणि आमच्याकडे पाहायचे. आम्ही पाते उघडून चाकू पुन्हा टेबलावर ठेवायचा. हातात द्यायचा नाही. सुरी-कात्री हातात दिली की भांडण होते, ही समजूत वाचकांच्याही घरी असेल. मग पंचाचे वेटोळे करून त्यात फळ बसवायचे, म्हणजे ते घरंगळत नाही, आणि डाव्या हाताने कापायचे. एका सफरचंदाला पाऊण तास लागे. फोडी वेड्यावाकड्या, एक जाड तर एक पापडासारखी. पण त्या फोडी ते सर्वांना वाटत, आणि कोणी "नको" म्हटलेले त्यांना चालत नसे.

आम्ही तेव्हा बँकेत होतो आणि दुपारी जेवायला घरी येत असू. एक दिवस परतायची घाई होती. चाकू उघडला, आणि आता उघडलाच आहे तर, म्हणून दोन मिनिटांत सफरचंद चिरून, बिया काढून, फोडी ताटलीत गोल मांडून नानांपुढे सरकवल्या. पितृसेवा घडल्याच्या आनंदात सायकलवर टांग टाकली. संध्याकाळी आलो तेव्हा ताटली तिथेच होती. फोडी तांबूस पडल्या होत्या. नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चाकू टेबलावर ठेवणे बंद केले आणि आईकडे केळी मागू लागले. केळ्याला चाकू लागत नाही.

त्यानंतर ते दीड वर्ष होते. चाकू शेवटपर्यंत त्यांच्या बंडीच्या खिशात होता. तिथूनच आम्ही तो काढून घेतला.

पुढे एकवीस वर्षे तो आमच्याजवळ राहिला, आणि २००९ साली एका विमानतळावर गेला. चोरीला नव्हे. आम्ही तो रोजच्या सवयीने खिशात घालून निघालो होतो, इतकेच. पाती असलेली वस्तू सामानाच्या बॅगेत चालते, विमानात सोबत नेता येत नाही, हे आम्हांला ठाऊक होते. पण खिशात चाकू आहे हेच ठाऊक नव्हते. खिशातल्या रुमालाची आठवण कोणाला असते? तपासणीचा जवान सभ्य होता. "बाबूजी, बाहर किसी को दे आइए," म्हणाला. बाहेर कोणी नव्हते. रिक्षा परत गेली होती, बॅग पट्ट्यावरून पुढे गेली होती, आणि विमानाची शेवटची हाक झाली होती. नेलकटर, कात्र्या आणि लायटर यांनी अर्ध्या भरलेल्या एका पारदर्शक पेटीत आजोबांचा चाकू आम्ही स्वतःच्या हाताने टाकला. नियम योग्यच आहे आणि दोष सर्वस्वी आमचा. तरी त्या प्रवासात आम्ही चहासुद्धा घेतला नाही.

इंदुरात परतल्यावर बर्तन बाजारातून एक चाकू आणला. स्टेनलेस स्टीलचा, स्वस्त, कमान भलतीच कडक. कारागिरी अशी की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कुठल्या तरी भांडणानंतर एकत्र राहत असाव्यात. हाच तो पौषातल्या दुपारचा चाकू. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि सांगितले की मुळाशी असलेला सांधा झिजला आहे. चिमटीत आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या कितीतरी पट भार त्या इवल्या सांध्यावर पडतो, म्हणून बरणीचे झाकण, किल्ली, शर्टाचे बटण आणि चाकूची खाच ही सारी त्याची वैरी. "चिमटीची कामे टाळा," असे म्हणून त्यांनी एक पट्टा लिहून दिला. चिमटीची कामे टाळून माणसाने जगायचे कसे, हे त्यांच्या चिठ्ठीत नव्हते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आम्ही ठरवले की केळ्यांवर यायच्या आत चाकूची नीट पारख करून पाहायची.

माहीतगार मंडळी चाकूची पारख पोलादापासून सुरू करतात. कर्ब किती, क्रोमियम किती, रॉकवेलच्या मापावर कठीणपणा पंचावन्न की साठ. पोलाद जितके कठीण तितकी धार टिकते, पण गेली की आणायला वेळ लागतो आणि कड उडण्याची भीती असते. मऊ पोलाद लवकर बोथटते, पण चार हातांत पुन्हा तयार. हे सारे खरे आहे, आणि तरुणपणी आम्हीही याच टोकाने बोललो असतो. आता आमची पारख उलट्या टोकाने सुरू होते. हा चाकू उघडायचा कसा? त्याहून महत्त्वाचे, मिटायचा कसा? दिवसभर सदऱ्याच्या खिशात राहिला तर खिसा ओढतो का? आणि रेल्वेच्या डब्यात काढला तर समोरची बाई आपले मूल जवळ ओढून घेते का? लांबी म्हणाल तर तीन इंच पुरेत. आंब्याच्या बाठ्याशी जायला तेवढे लागते, त्याहून अधिक कशालाच लागत नाही. शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते, घरकामाचे किंवा शेतीचे नसल्यास, शस्त्रांच्या यादीत येते. आपण त्या हद्दीपासून फार दूर आहोत. तरी कायदा इंच मोजतो आणि माणसे चेहरा वाचतात.

खरे सांगायचे तर आमच्या अंगठ्याला सर्वांत सोयीचा चाकू रामपुरी. बटण दाबले की पाते बाहेर. नख नको, चिमूट नको. एका परिचितांच्या संग्रहातला आम्ही हातात घेऊन पाहिला. पितळी मूठ, माशासारखा डौल, काम देखणे. पण रामपुरी म्हटले की 'वक्त' (१९६५) मधले राजकुमार डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि जामफळ कापण्यासाठी सत्तरीतल्या माणसाने ते बटण दाबावे यात काही तरी फार हास्यास्पद आहे. कारागिरांविषयी मात्र वाईट वाटते. लांब पात्यांवर बंदी आली, यंत्राचा स्वस्त माल आला, आणि ज्या गावाच्या नावाने चाकू ओळखला जातो तिथे तो घडवणारे हात थोडे उरले. २०२३ साली रामपुरात चौकात भलामोठा चाकू उभारला आहे. गावाच्या नावाची वस्तू खिशातून निघून चौथऱ्यावर जाऊन बसली.

चिरंजीवांनी पुण्याहून व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू पाठवला. याची हकीकत आम्हांला फार आवडते. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावी कारखाना काढला. स्विस सैन्याला लागणारे चाकू तेव्हा परदेशातून येणार होते, ते स्वदेशातच व्हावेत म्हणून त्यांनी १८९१ पासून ते पुरवायला घेतले आणि त्यापायी जवळजवळ दिवाळे काढले. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी म्हणून हलका, अधिक अवजारांचा चाकू काढला, तो मात्र जगभर गेला. आईचे नाव व्हिक्टोरिया. १९०९ साली ती वारल्यावर तिचे नाव मालाला दिले, आणि पुढे न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' त्याला जोडला. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानतळांवर चाकू बंद झाले तेव्हा या कंपनीची विक्री एकदम घसरली होती. त्या पारदर्शक पेट्यांत त्यांचेही पुष्कळ लाल चाकू पडले असतील. आमचे दुःख एकट्याचे नव्हते.

चाकू म्हणून तो निर्दोष आहे. कात्री तर अशी की सौ.ने ती पहिल्याच आठवड्यात शिवणाच्या डब्याशी जोडून घेण्याचा घाट घातला. बुचे काढायच्या मळसूत्राला आमच्या घरी काम नाही असे वाटले होते, पण पायजम्याच्या नाडीची निरगाठ सोडवायला त्यासारखे दुसरे काही नाही. दोष आमच्या अंगठ्याचा. प्रत्येक अवजार आपापल्या कमानीच्या धाकात आणि प्रत्येकाच्या पाठीवर तीच ती नखाची खाच. ज्यांची नखे आणि सांधे शाबूत आहेत त्यांनी डोळे मिटून हा घ्यावा.

मग शेजारच्या अभियंता मुलाने आपला नव्या तऱ्हेचा चाकू दाखवला. पात्यालाच एक गोल भोक, त्यात अंगठा घालून एका हाताने उघडायचा. खिशाच्या काठाला अडकवायला चिमटा. ही युक्ती अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये प्रथम आणली, आणि नंतर अनेकांनी आपापल्या परीने भोक, गुंडी किंवा खुंटी काढली. मुलाचा चाकू अशाच दुसऱ्या कुठल्याशा बनावटीचा होता. उघडतो सुरेख. दोन हातांनी धरले तर आमच्या अंगठ्यालाही त्रास नाही. पण तो उघडल्यावर आतली एक पातळ पट्टी पात्यामागे येऊन खट्कन बसते, आणि मिटायचा तर ती पट्टी अंगठ्याने बाजूला दाबून धरून पाते खाली आणायचे. म्हणजे बोट नेमके त्या वाटेत, जिथून धार येणार! तरुण हात हे बेमालूम करतो. आमच्या हाताने दुसऱ्याच खेपेला तर्जनीवर एक बारीक रेघ ओढून घेतली. रेघ क्षुल्लक होती. पण उघडण्याच्या विचारात मिटण्याचा विचार मागे पडतो, हे तिने शिकवले. तो मुलगा बिचारा घाबरून हळदीला धावला.

चैत्रात आमचा भाचा फ्रान्सहून आला. तो ल्यों शहरी असतो. त्याने आणलेली वस्तू पाहून आम्ही आधी निराशच झालो. एक लाकडी दांडी, एक पाते, एक लोखंडी कडे. शोभा म्हणून काही नाही. "मामा, तिकडे शेतकऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या खिशात हाच," तो म्हणाला. ओपिनेल हे त्याचे नाव. आल्प्सच्या सव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने १८९० साली तो काढला. वडील कुऱ्हाडी-विळे घडवणारे. पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण. १८९७ मध्ये एक ते बारा असे क्रमांक ठरले. त्यांतला पहिला आणि अकरावा पुढे गळाले. भाच्याने आणलेला आठ क्रमांकाचा, पाते साडेआठ सेंटिमीटर, आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आत. सदऱ्याच्या खिशात आहे की नाही, ते चाचपून पाहावे लागते. (एका विमानतळाच्या अनुभवानंतर हा गुण की दोष, हे आम्ही अजून ठरवलेले नाही.)

याला कमान नाही. ही गोष्ट आम्हांला दोन दिवसांनी उमगली. पाते आणि मूठ यांच्यामध्ये आहे तो फक्त एक खिळा आणि लाकडाची पकड. न्हाव्याचा वस्तरा आठवावा. त्यातही पाते खिळ्याभोवती नुसते फिरते. ओपिनेलमध्ये भर इतकीच की तोंडाशी एक फिरते कडे बसवले आहे, १९५५ पासून. उघडल्यावर कडे फिरवले की पाते मागे येऊ शकत नाही. मिटताना कडे पुन्हा सरळ करायचे आणि पाठीवर तळहाताने दाबायचे. बोट धारेच्या वाटेत कुठेच येत नाही. आणि मिटलेल्या पात्याचा बराच भाग मुठीबाहेर राहतो, म्हणून नखाची गरज नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांत धरून ओढता येते. अंगठा घरी बसला तरी चालते! वैशाखात इंदूरचा पारा बेचाळिसापर्यंत गेला, लाकूड खडखडीत वाळले, आणि पाते असे सहज फिरू लागले की आम्ही सकाळ-संध्याकाळ काही ना काही कापत सुटलो. पाते आम्ही मुद्दाम साध्या पोलादाचे मागवले होते, न गंजणारे नव्हे. पुसायची सवय वडिलार्जित आहे, ती वाया का घालवा? पहिल्याच कैरीने पात्यावर निळसर-करडी झाक चढली. नानांच्या पात्याची होती तशीच.

आणि मग पाऊस आला. आषाढात आठ दिवसांची झड लागली, हवेतला ओलावा लाकडाने पिऊन घेतला, मूठ फुगली, आणि एका दुपारी पाते जागचे हलेना. पेरांत धरून ओढले, पक्कड आणावी असे वाटले, मग चाकू टेबलावर ठेवून दिला. टेबल तेच होते. आम्ही बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. समोर कोणी उघडून देणारे नव्हते, आणि असते तर आम्ही काय केले असते, याचा विचार करायची इच्छा नव्हती. फळांच्या टोपलीत केळी होती.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. तो हसला. "मामा, ओढू नका. ठोका." म्हणाला, सव्वाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात आणि या युक्तीला त्या प्रांताचेच नाव आहे. मिटलेला चाकू कड्यापाशी धरायचा, पाते वरच्या बाजूला ठेवायचे, आणि मुठीचे शेपूट पाठीकडून टेबलाच्या कडेवर आपटायचे. मूठ थांबते, पाते आपल्याच वजनाच्या झोकाने पुढे येते. एवढे आले की पेरांत धरता येते. आम्हांला पटले नाही. कडे सरळ केले, चाकू धरला, ठोकला. काही नाही. अधिक जोराने ठोकला. आतून सौ. म्हणाली, "आता काय फोडताय?" तिसऱ्या ठोक्याला पात्याने बोटभर डोके वर काढले.

दुसऱ्या दिवशी मुठीला जवसाचे तेल चोळून ठेवले. लाकूड पाणी कमी पिते. तरी झड लागली की अजून ठोकावे लागतेच, आणि आता तो आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. त्या पहिल्या दिवशी मात्र आम्ही पंचाचे वेटोळे केले, त्यात जामफळ बसवले आणि सावकाश कापले. अंगठ्याला जोर नको म्हणून मूठ सगळ्या तळहातात धरावी लागते आणि पाते सरळ जात नाही. अर्धा तास गेला असेल. सौ. बाहेर आली, खुर्ची ओढून बसली, काही बोलली नाही. फोडी एक जाड, एक पापडासारखी. तिने त्यांतली सर्वांत वाकडी उचलली, तिला तिखट-मीठ लावले, आणि दुसरीही घेतली. आम्ही पाते पुसले. धोतर नेसत नसल्यामुळे रुमालाला पुसले. त्यावर राखाडी पट्टा उमटू लागला आहे आणि बोलणी सुरू झाली आहेत.

पुढच्या महिन्यात पुण्याला जायचे आहे. तिकीट रेल्वेचे काढले आहे.